कलम चौदा, पोटकलम ग

मध्ये काच. काचेला खाली अर्धगोल भोक.
तिथून पासबुक आत येतं, पैसे बाहेर जातात.
आज तिथून ओन्सोंगोचा हात आला,
नखांत दगडाची पांढरी भुकटी,
चाळीस वर्षं मऊ दगडातून पाणघोडे काढणारा हात.

सगळे काढायचेत, म्हणाला.
सत्तेचाळीस हजार सहाशे शिलिंग.
किसुमूच्या दवाखान्यात डोळ्यांची तारीख मिळालीय,
आधी उजवा,
मग उरले तर डावा.

मी संगणकात पाहिलं.
पैसे होते.
जिथल्या तिथे होते, एक शिलिंग इकडचा तिकडे नाही,
आणि आकड्याच्या शेजारी इवलंसं लाल कुलूप.

मोगाकाच्या कर्जाला जामीन तिघं.
पहिला वारला.
दुसरीच्या खात्यात खडखडाट.
तिसरा माझ्यासमोर उभा, टोपी काखेत.
मोगाकाने घेतलेली मोटारसायकल
अजून दिसते ताबाकाच्या चढावर, दुसरंच कुणी चालवतं.
मोगाका दिसत नाही.

वाच, न्याबोके, तो म्हणाला,
मला आता अक्षरं मुंग्यांसारखीही दिसत नाहीत,
नुसती वाट दिसते, मुंग्या गेल्याची.

वाचलं.
ठेव काढता येणार नाही
सभासदत्व सोडल्याखेरीज;
सभासदत्व सोडता येणार नाही
साठ दिवसांच्या लेखी सूचनेखेरीज;
साठ दिवस भरले तरी,
ज्याला जामीन त्याचं कर्ज फिटल्याखेरीज,
अथवा बदली जामीन उभा केल्याखेरीज...

एकूण खेरीज किती? त्याने विचारलं.
चार, मी मोजून सांगितले.
रांगेत कुणीतरी हसलं, मग खोकलं.

माझं बोट नियमावर होतं.
खरोखरचं बोट, ओळ सुटू नये म्हणून.
नियमावर बोट ठेवते म्हणून
या गावात मला चहाला कुणी बोलवत नाही.

सही केली तेव्हा डोळे चांगले होते, तो म्हणाला.
तेव्हा वाचलं नाही.
मोगाकाच्या बापाबरोबर खाणीत उतरलोय मी,
त्याच्या पोराचा कागद काय वाचायचा?

हे कलम मी लिहिलेलं नाही.
पण ते लिहिलं गेलं त्या वर्षी मी इथेच होते, नवी.
कॉफीचा भाव पडला होता,
पहाटेपासून माणसं दाराशी,
जो पुढे होता त्याला सगळं मिळालं,
आणि दुपारी तिजोरीत उरली पोस्टाची तिकिटं.
मग शाळेच्या पटांगणात सभा झाली.

मी आठवण करून दिली नाही.
त्यालाच आठवलं.
हात वर केला होता ना मी?
हो.
पहिला?
दुसरा.
बरं, म्हणाला. दगड मीच निवडला, म्हणजे चीरही माझीच.

सूचनेचा अर्ज सरकवला.
त्याने कागदाची कड चाचपली
दगड विकत घेण्याआधी चाचपतात तशी.
अंगठा उठला तो निळा नाही,
शाईत भुकटी मिसळून राखाडी.
साठावा दिवस रविवारी येतो.
रविवारी आम्ही बंद, म्हणून सोमवार.
हेही सांगितलं. सांगावं लागतं.

बदली जामीन: ही ओळ कोरी.
कर्मचाऱ्याला जामीन राहता येत नाही, कलम सतरा.
तेही पाठ आहे मला,
इतकं पाठ, की आज पहिल्यांदा
पाठ नसतं तर, असं वाटलं.

तो वळला, दाराची चौकट हाताने शोधली.
केरुबो पुढे आली, केळी विकणारी,
तिला आपले तीनशे भरायचे होते.
ते तिने भरले, पावती घडी करून पदराच्या गाठीत बांधली,
आणि गेली नाही.
त्या कोऱ्या ओळीत, तिने विचारलं,
एकच नाव मावतं का?
की थोडं थोडं करून
आम्ही आठ-दहा जणी?

मागे रांग कुरकुरली.
मी पुस्तक पुन्हा उघडलं
आणि कलम चौदा वरून वाचायला घेतलं,
बोट ठेवून, सावकाश.